व्हिडिओ गेमच्या चालींच्या रीमिक्सना गुण द्यायचे, ते नेमके कशाला?

सेक्टर_अठरा (नेरुळ)

सर्वांना नमस्कार. आमच्या वसाहतीतील तरुण मंडळींनी यंदा गणेशोत्सवात चित्रकला आणि पाककृतीच्या जोडीला एक निराळीच स्पर्धा ठेवली आहे. जुन्या व्हिडिओ गेममधील कोणतीही एक चाल घ्यायची, तिची आपल्या पद्धतीने नवी बांधणी करायची आणि चार मिनिटांच्या आतले ध्वनिमुद्रण पाठवायचे. मी वीसेक वर्षे हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देतो आणि कॅसेटच्या तोंडाशी फुंकर मारून मारिओ खेळलेल्या पिढीतला आहे, एवढ्या भांडवलावर मला परीक्षक नेमले गेले. चौदा प्रवेशिका आल्या आहेत, सगळ्या दोनदा ऐकून झाल्या आहेत, आणि जितके ऐकावे तितका माझा गोंधळ वाढतो आहे.

समितीच्या गुणपत्रिकेत तीन रकाने आहेत : सर्जनशीलता, तांत्रिक सफाई आणि एकूण परिणाम, प्रत्येकी दहा गुण. कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. एका प्रवेशिकेत मारिओच्या पहिल्या टप्प्याची चाल आहे. स्वर न् स्वर जागच्या जागी, लय तीच, फक्त त्या पिपाणीसारख्या आवाजांऐवजी संगणकावर व्हायोलिन, ट्रम्पेट आणि झांजांचा मोठा वाद्यवृंद बसवला आहे. दुसऱ्या एकाने मारिओच्याच पाण्याखालच्या टप्प्याची, तीन मात्रांत डुलणारी चाल दादऱ्यात बांधून पेटी-तबल्यावर वाजवली आहे. वाजवणारा कसलेला आहे यात शंका नाही, पण ३ मिनिटे ४० सेकंदांच्या वादनात मूळ चाल मला सुरुवातीची २० आणि शेवटची १५ सेकंदेच ओळखू आली. तिसरी प्रवेशिका कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळाची आहे. तिच्यात खेळातले संगीत जसेच्या तसे उचलून त्यावर नाशिक ढोल आणि ताशा चढवला आहे. समितीच्या बैठकीत ती लावली तेव्हा मुले खुर्च्या सरकवून नाचायला लागली.

वाद्यवृंदवाल्याला सर्जनशीलतेत दोन गुण दिले तरी सफाईत दहा द्यावे लागतात आणि बेरजेत तो पेटीवाल्याच्या पुढे जातो, हे मला पटत नाही. का पटत नाही, हे मात्र समितीला समजावून सांगता येत नाही. शिवाय एका मुलीने टेट्रिसची चाल अकॉर्डियनच्या आवाजात पाठवली आहे, आणि ती चाल मुळात रशियन लोकगीताची असल्याचे मी ऐकून आहे. तिला गेमचे संगीत म्हणावे का, हीही एक शंका. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


पाचपाखाडी_ध्वनी (ठाणे)

रकान्यांकडे नंतर वळू. आधी हे सांगा की आपण या प्रवेशिका कशावर ऐकल्या, कुठे ऐकल्या, आणि सगळ्या एकाच आवाजपातळीवर ऐकल्या का?

विचारण्याचे कारण असे, की दोन ध्वनिमुद्रणांत एखाद-दोन डेसिबलचाच फरक असेल तर आपल्या कानाला जे मोठे असते ते मोठे न वाटता चांगले वाटते. खर्ज भरदार लागतो, झांजा स्वच्छ लागतात, आणि आपण प्रामाणिकपणे त्या प्रवेशिकेला सफाईचे गुण देऊन मोकळे होतो. ज्या मुलांना संगणकावर काम करण्याची सवय असते ती शेवटी लिमिटर (शिखरे दाबून एकूण आवाज वाढवू देणारी सोय) लावून आवाज छताला टेकवतात. फोन समोर ठेवून पेटी मुद्रित करणाऱ्याच्या ते गावीही नसते. तेव्हा प्रत्येक फाइलची सरासरी पातळी एलयूएफएस या, कानाला जाणवणारा मोठेपणा मोजणाऱ्या, एककात मोजून घ्यावी. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीतही या एककानुसार पातळी बसवण्याची सोय आहे. मोजल्यावर सर्वांत हळू प्रवेशिका जिथे असेल तिथवर बाकीच्या खाली उतरवाव्यात. उलटे करू नये, कारण हळू ध्वनिमुद्रण जोर लावून वर ओढले की त्याची शिखरे कापली जातात आणि त्या बिचाऱ्याचे उगाच नुकसान होते.

हे मी पोळलेल्या तोंडाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाची रचना परीक्षकांनी लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरवर ऐकली. त्याने सगळा डाव खर्जाच्या ओळीवर रचला होता, आणि ती ओळ त्या स्पीकरमधून बाहेरच पडली नाही. शेऱ्यात लिहून आले, ‘रचना पोकळ वाटते’.

प्रवेशिकांवरची नावे कोणाकडून तरी झाकून घ्यावीत, विशेषतः स्पर्धक शेजारचेच असतील तर. दुसऱ्या फेरीत क्रम बदलावा आणि एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त ऐकू नयेत. रचनेबद्दल बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणसे इथे आहेत.


चौकोनी_लहर (ऐरोली)

रात्रपाळी नसेल त्या रात्री गेली अकरा वर्षे मी गेमच्या चालींचे रीमिक्स करण्याचा हाच उद्योग करतो, त्यामुळे हा प्रश्न परीक्षकाकडून आलेला पाहून बरे वाटले. एरवी आम्हीच एकमेकांना विचारत असतो.

या प्रकारच्या संगीताचे परीक्षण ही काही आपल्याच वसाहतीपुढे आलेली अडचण नाही. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स हा १९९९ पासून चालत आलेला उपक्रम नेमके हेच काम करतो. तिथे आलेली रचना परीक्षक मंडळ ऐकते आणि ती स्वीकारावी की नाही ते कारणांसह ठरवते. त्यांच्या कसोटीचा गाभा असा की मूळ चाल ओळखू आली पाहिजे आणि रचनेत तिचाच वरचष्मा असला पाहिजे. त्याच वेळी रचनाकाराने स्वतःची म्हणावी अशी भर घातलेली दिसली पाहिजे. या दोन अटी एकमेकींना ताणतात, आणि सगळी गंमत त्या ताणात आहे. तिथले परीक्षक शंका आली की घड्याळ लावून बसतात, मूळ चाल किती सेकंद ऐकू येते ते मोजतात, आणि अर्ध्याहून कमी भरली तर भुवया उंचावतात. हे पोरखेळ वाटेल, पण याच मंडळींकडून कॅपकॉम या गेम कंपनीने २००८ मध्ये स्ट्रीट फायटर या खेळाच्या नव्या आवृत्तीचे अधिकृत संगीत करून घेतले होते.

आता आपल्या वाद्यवृंदाकडे येतो. सुपर मारिओ ब्रदर्स हा खेळ ज्या निन्टेन्डोच्या यंत्रासाठी १९८५ मध्ये आला त्या यंत्रात आवाजाला वाटा पाचच होत्या : दोन चौकोनी लहरींच्या (तोच पिपाणीसारखा आवाज), एक त्रिकोणी लहरीची (त्याहून मऊ), एक नुसत्या खरखरीची आणि एक ध्वनिनमुने वाजवण्याची. कोजी कोन्दो यांनी ती चाल बांधली तेव्हा वरच्या दोन ओळी, म्हणजे स्वतंत्र सुरावटी, चौकोनी लहरींवर, खर्ज त्रिकोणी लहरीवर आणि तालवाद्य म्हणून ती खरखर, एवढाच संसार त्यांच्या हाताशी होता. शिवाय त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे खर्ज एकतर वाजायचा किंवा बंद असायचा. हे लक्षात ठेवून ती प्रवेशिका पुन्हा ऐका आणि एका वेळी किती वेगवेगळ्या ओळी चालू आहेत ते बोटांवर मोजा. वाद्ये साठ दिसत असतील आणि ओळी तीनच निघाल्या, तर उरलेले सत्तावन्न वादक तिथे पगार घ्यायला आले आहेत असे समजावे. खर्ज वाजवणारे वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाने वाजत असेल, तर स्पर्धकाने स्वरांची फाइल कुठून तरी घेतली, प्रत्येक ओळीला नवे वाद्य नेमले आणि काम संपवले, हे जवळजवळ नक्की. ज्याला ‘सफाई’ म्हणून दहा गुण द्यावे लागतात ती सफाई वाद्यांचे आवाज तयार करून विकणाऱ्यांची आहे. खरी सफाई म्हणजे ट्रम्पेटला श्वास लागतो याची जाण ठेवून लिहिलेली ओळ.

कॉन्ट्राबद्दल माझे मत कठोर आहे. मूळ ध्वनिमुद्रण उचलले की त्यातल्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या येतात. स्वर सहजी बदलता येत नाही, खर्ज नीट वेगळा काढता येत नाही; वर ढोल ठोकणे तेवढे हाती उरते. कायद्याच्या अंगानेही चालीवरचा हक्क आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि असे उचलणारा दोन्हींत हात घालतो. मारिओतल्या नाण्याचा ‘टिंग’ आवाज मध्येच टाकून टाळी घेणाऱ्यांनाही मी गुण देत नाही. गंमत म्हणजे त्या यंत्रावर उडीचा किंवा गोळीचा आवाज वाजायला लागला की त्या वाटेवरचा संगीताचा स्वर तेवढ्यापुरता गडप व्हायचा. एखाद्याने हे हेरून, असा आवाज येताच एक ओळ मुद्दाम गाळली, तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन. अजून कोणी केलेले ऐकलेले नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे शेवट. गेममधली बहुतेक चाल गोल फिरणारी असते, खेळणारा टप्पा पार करेपर्यंत किंवा मरेपर्यंत ती फिरत राहते, म्हणून तिला स्वतःचा शेवट नसतो. रीमिक्स करणाऱ्याला तो बांधावा लागतो. चौदापैकी किती जणांनी आवाज हळूहळू बारीक करून पळ काढला आहे ते मोजा. विचार करणारे कोण आणि उरकणारे कोण, ते तिथेच कळेल.

टेट्रिसची चाल ‘कोरोबेइनिकी’ या रशियन गीताची आहे, आणि त्या गीताचे शब्द नेक्रासोव या रशियन कवीच्या १८६१ च्या कवितेतले आहेत. पण १९८९ च्या गेमबॉय या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रासाठी संगीतकार हिरोकाझु तानाका यांनी केलेली बांधणी ही स्वतंत्र वस्तू आहे. त्या मुलीच्या प्रवेशिकेत वरची चाल सोडून तिच्या खालची साथ ऐका. ती गेमबॉयच्या दुसऱ्या ओळीसारखी किंवा खर्जासारखी हलत असेल तर ती स्पर्धेच्या विषयात बसते. नुसते लोकगीत अकॉर्डियनवर असेल तर छान आहे, पण ते गेमचे संगीत नव्हे.


तलावपाळी (ठाणे)

एवढे घड्याळ, एवढे डेसिबल! मंडळी, स्पर्धा गणपतीतली आहे. बैठकीत मुले नाचली ही गोष्ट आपण गुन्ह्यासारखी मांडता आहात. कॉन्ट्रा ऐकणाऱ्याच्या अंगात येते ते त्या जुन्या आवाजामुळेच. तो काढून बासरी घातली असती तर कोणीही नाचले नसते. पहिला क्रमांक हवा त्याला द्या, पण त्या मुलाला बाद करू नका.


नौपाडा_पेटी (ठाणे)

मी नौपाड्यात तीस वर्षे पेटी आणि गाणे शिकवते. व्हिडिओ गेम माझ्या नातवापलीकडे मला ठाऊक नाहीत, पण पेटीवाल्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे म्हणून लिहिते.

ऐरोलीकरांचे बाकी सगळे पटले, घड्याळ तेवढे पटले नाही. बंदिशीचा मुखडा गायक सारखा गात बसत नाही. तो एकदा मांडतो, विस्ताराला निघतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना त्याचा तुकडा पकडतो. मधल्या वेळी मुखडा ऐकू आला नाही म्हणून बंदीश हरवली असे कोणी म्हणत नाही, कारण ताल, लय आणि रागाची चौकट तीच असते. तेव्हा पेटीवाल्याचा मधला भाग ऐकताना वरच्या सुरांत मारिओ शोधू नका. डाव्या बाजूला काय चालले आहे, भाता कुठे दाबला जातो, मूळ चालीत ज्या क्रमाने सूर आधाराला येतात त्याच क्रमाने इथे येतात का, हे पाहा. मी नातवाकडून ती पाण्याखालची चाल चार वेळा लावून घेतली. तिचा सांगाडा इतका स्पष्ट आहे की वरची ओळ काढून टाकली तरी ओळखू यावी. त्या सांगाड्यावर त्याचा विस्तार उभा असेल तर ती चाल चालूच आहे. नसेल तर ऐरोलीकर म्हणतात ते खरे, मग ते एक चांगले पेटीवादन आहे आणि त्याला दुसऱ्या स्पर्धेत बक्षीस मिळावे.

दादऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती मोजायला घड्याळ चालत नाही. त्या चालीत तीन मात्रांचा एकेक घास आहे आणि प्रत्येक घासाच्या पहिल्या मात्रेला सारखेच वजन आहे. दादऱ्याचे आवर्तन सहा मात्रांचे, धा धी ना, धा ती ना. म्हणजे असे दोन घास मिळून एक आवर्तन होते, आणि त्यातल्या दुसऱ्या घासाची सुरुवात ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देता हलक्या सोडायच्या मात्रेवर, येते. ज्याने न बघता ठेका लावला असेल त्याचे चालीतले वजनदार वाक्य कधी समेवर पडेल, कधी ‘खाली’वर, आणि ऐकताना पायरी चुकल्यासारखे वाटेल. ज्याने विचार केला असेल त्याने एकतर वाक्ये समेवर आणली असतील, नाहीतर ‘खाली’वर येणाऱ्या वाक्यात पेटी हलकी केली असेल. आपण नाटकांना संगीत देता, हे आपल्या कानाला एका ऐकण्यात कळेल.

तलावपाळीकरांना एवढेच सांगते की नाचण्याला बक्षीस जरूर द्यावे. फक्त ते ढोलवाल्याला द्यावे, कारण नाचवले त्याने.


चौकोनी_लहर (ऐरोली)

ताई, मान्य. वरची ओळ नसताना आधाराचे सूर त्याच क्रमाने येत असतील तर तेही मूळ चालीच्या खात्यात मोजायला हवे, आणि चांगले परीक्षक ते मोजतातही. मी घाईत लिहिले. माझी हरकत इतकीच की आधाराच्या सुरांचा क्रम अगदी सर्वसाधारण असेल, म्हणजे शंभर गाण्यांत सापडेल असा, तर नुसत्या त्याच्या आधारावर ‘चाल चालू आहे’ असे म्हणता येणार नाही. त्यात लयीची एखादी ठेवण किंवा खर्जाची एखादी हालचाल तरी मूळची असावी.


सेक्टर_अठरा (नेरुळ)

सर्वांचे मनापासून आभार. पाचपाखाडीकरांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, जरी ते लाजिरवाणे असले तरी. दोन्ही वेळा मी प्रवेशिका नेरुळ-ठाणे लोकलमध्ये, जाता-येता, इअरफोनवर ऐकल्या होत्या. गाडीच्या खडखडाटात ज्याचा आवाज छताला टेकलेला तोच पोहोचणार, हे मला सुचायला हवे होते.

काल रात्री घरी खिडक्या लावून, सगळ्या फाइली एका पातळीवर उतरवून, मुलीकडून नावे झाकून घेऊन पुन्हा ऐकायला बसलो. दोन रात्रींचे काम आहे, सात झाल्या आहेत.

वाद्यवृंदात एका वेळी तीन ओळी निघाल्या, कुठे कुठे चार. खर्ज शेवटपर्यंत एकाच दाबाने चालला आहे, आणि मूळ चाल दोनदा फिरल्यावर आवाज बारीक होत जातो.

पेटीवाल्यावर मात्र मी अन्याय केला होता. ताईंनी सांगितल्याप्रमाणे वरचे सूर सोडून खालचे ऐकत गेलो, तेव्हा साधारण १ मिनिट १० सेकंदांपासून मूळचा आधार जसाच्या तसा खाली चालू असल्याचे ध्यानात आले, आणि त्यावरची ‘एक-दोन-तीन’ची झुलती ठेवणही मूळचीच आहे, त्यामुळे ऐरोलीकरांची हरकतही भागते. आता मोजले तर मूळ चालीचा अंश २ मिनिटांच्या वर जातो. ‘खाली’वर येणारी वाक्ये त्याने खरोखर हलकी केली आहेत. एका जागी मात्र तो फसला आहे : विस्तारातून परत येताना सम सापडत नाही म्हणून तबलजीने एक घास जास्त वाजवून त्याला सावरून घेतले आहे. गुण कापावेत की तबलजीला द्यावेत, हे ठरायचे आहे.

ज्या प्रवेशिकेचा मी आधी उल्लेखही केला नव्हता तिच्याबद्दल सांगायला हवे. मारिओ नळातून जमिनीखाली उतरतो त्या टप्प्याची चाल एकाने पाणी भरलेल्या वाट्यांवर, जलतरंगासारखी वाजवून फोनवर मुद्रित केली आहे. लोकलमध्ये ऐकली तेव्हा मी तिला अकरावा क्रमांक दिला होता, कारण मला जवळजवळ काही ऐकूच आले नव्हते. त्या चालीत थोडे स्वर येतात आणि मग मोकळी जागा राहते. बाकी ज्या दोघांनी हीच चाल घेतली त्यांनी ती जागा ढोलकीने आणि तंतुवाद्यांनी भरून टाकली. या मुलाने ती मोकळी ठेवली, आणि त्या मोकळ्या जागेत वाटीचा नाद विरत जाताना ऐकू येतो. दुसऱ्या फेरीला तर एका वाटीतले पाणी किंचित जास्त झाल्यामुळे स्वर कणभर उतरलेला आहे, तरीही तो थांबलेला नाही. शेवट त्याने वाटी हाताने धरून, नाद तोडून केला आहे. सध्या ती माझ्याकडे दुसरी आहे.

कॉन्ट्राबद्दल समितीशी बोललो. मूळ ध्वनिमुद्रण उचलू नये असे नियमात लिहिलेच नव्हते, त्यामुळे त्याला बाद करणे योग्य होणार नाही. क्रमांकांच्या बाहेर ठेवून विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याची रचना वाजवायची असे ठरते आहे, आणि तो मुलगा यावर क्रमांक मिळाल्यापेक्षा खूश दिसतो. टेट्रिसची साथ आज रात्री ऐकेन. त्या मुलीची आई जिन्यात भेटली होती आणि निकाल कधी लागणार म्हणून विचारत होती. रविवारी, असे सांगून बसलो आहे.